पाय उचला

मार्गासनीला रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेलं की वेल्हं, डावीकडं वळलं की साखर आणि पुढं गुंजवणे. वळताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि वळण संपलं की तिसरा टाकायचा असतो. गेल्या श्रावणात मी तो टाकला. म्हणजे माझ्या बाजूनं टाकला. तिच्या बाजूनं तो पडला नाही. पुन्हा दांडी दाबली, ती जागची हलेना. गाडी दुसऱ्यातच बोंब मारत निघाली. मागून पुण्याच्या ट्रेकर पोरांच्या सात-आठ गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. त्यातल्या एकानं मान वळवून ओरडून सांगितलं, "काका, गिअर!" जणू मी तो घरी विसरून आलो होतो.

आपल्या भाषेत गिअर 'टाकतात' आणि तो 'पडतो'. पाऊस पडतो, भाव पडतात, सरकार पडतं, तसाच. टाकणं आपल्या हातात (या बाबतीत पायात), पण पडणं न पडणं दैवाधीन. ज्यानं कुणी ही क्रियापदं ठरवली, त्याच्याकडं माझ्यासारखीच जुनी गाडी असणार.

माझी १९९७ ची आहे. वडिलांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण टाकीवरचं स्टिकर उडून आता नुसता एक लाल पट्टा आणि एक अर्धवट इंग्रजी अक्षर उरलंय. शंभर सीसीची, चार गिअरची, चारही पुढं. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं पासिंग पुन्हा केलं, मग दर पाच वर्षांनी करत आलो, पर्यावरण करही भरला. घरच्यांचं मत असं की त्या पैशांत नवी गाडी आली असती. घरच्यांचं गणित कच्चं आहे. नव्या गाडीचं हँडल आलं असतं एवढंच. पण गाडी चालते, आणि चालणारी वस्तू काढून टाकणं आमच्याकडं पाप समजतात. न चालणारी तर माळ्यावर ठेवतात.

तर तक्रार अशी होती: पुण्यात गाडी बरी चालायची. थोडी घट्ट, पण चालायची. राजगडाला निघालो की मात्र तिला काहीतरी व्हायचं. दुसऱ्यातून तिसरा पडायचा नाही. आणि गंमत म्हणजे मोठा खड्डा आला, गाडी आदळली, की आपोआप पडायचा. त्यामुळं पावसाळ्यात माझा प्रवास तसा सुखाचा व्हायचा. चांगल्या रस्त्याची मला धास्ती वाटू लागली होती. नवीन डांबर दिसलं की पोटात गोळा यायचा, की आता पुढचे तीन किलोमीटर दुसऱ्यातच.

गिअरबॉक्स आणि पोट या दोन गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळं दोन्हींवर कुणीही बोलू शकतं. टायर पंक्चर झाला तर चार माणसं जमतात, बघतात, "पंक्चर आहे" म्हणतात आणि निघून जातात. वादाला जागाच नसते. गिअर अडला म्हटलं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक प्रकारची करुणा येते, तो खुर्ची पुढं ओढतो आणि म्हणतो, "माझ्या मेहुण्याला असंच झालं होतं."

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी पहिल्यांदा गाडीची किंमत विचारली, मग दुरुस्तीचा अंदाजे खर्च विचारला, आणि डोळे मिटून म्हणाले, "राइट ऑफ करा." ऑफिसातला एक बुलेटवाला सहकारी आहे. त्याच्या मते शंभर सीसीच्या गाडीला गिअर असतात हीच मुळात अफवा आहे. मेहुण्यानं क्लच प्लेटा गेल्या म्हणून सांगितलं. तो व्यवसायानं दाताचा डॉक्टर आहे, काही काढून टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बायको म्हणाली, "गाडी नाही घट्ट झालेली, तू झालायस."

खालच्या मजल्यावर होमिओपॅथीचे डॉक्टर राहतात. त्यांना मी काही विचारलं नव्हतं. जिन्यात पुसटसा विषय निघाला, तर त्यांनी तिथंच हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. "सकाळी जास्त होतं की संध्याकाळी?"

"डॉक्टर, गाडीचं म्हणतोय मी."

"तेच. थंडीत वाढतं? पावसात? हालचालीनं बरं वाटतं का?"

"खड्ड्यात बरं वाटतं."

"हं. हे महत्त्वाचं आहे," ते म्हणाले आणि पिशवी उचलून वर गेले. रात्री जेवताना मी हा किस्सा सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो.

दरम्यान गाडी जवळच्या एका गॅरेजात नेली. (कुठल्या ते विचारू नका, माणूस सज्जन आहे आणि मला पुन्हा तिथंच जायचंय.) त्यानं चपलेतला पाय दांडीवर ठेवला, गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली, चारही गिअर टाकले, चारही काढले. "एकदम मक्खन आहे, साहेब." मी म्हटलं, पुण्यात मक्खन आहे, राजगडाला जाताना अडतो. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी शाळेत "पोटात दुखतंय, पण फक्त गणिताच्या तासाला" असं सांगितल्यावर पाहिली होती. तरी त्यानं क्लचची केबल बदलली, इंजिन ऑइल बदललं आणि "पुढच्या वेळी प्लेटा बघू" असं आश्वासन दिलं. बिल देताना मला बरं वाटलं. पैसे गेले म्हणजे काहीतरी दुरुस्त झालं असणार, हा आपला जुना विश्वास आहे.

गुंजवणे म्हणजे माझं आजोळ. राजगडाच्या पायथ्याशी, सुवेळा माचीच्या सावलीत. बारा मावळांतलं हे गुंजण मावळ. शिवाजी महाराजांनी रायगडाला जाण्याआधी इथून, म्हणजे वरून, राज्य चालवलं. तालुका वेल्हे, त्याचं नाव राजगड करायचं मंत्रिमंडळानं २०२४ साली ठरवलं, पण मामा कामाला निघाले की अजून "वेल्ह्याला" जातात. २०२५ च्या जुलैत किल्ल्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि शनिवारी रात्रीची गर्दी आणखी वाढली. हेडलाइटांची रांग साखरेपासून दिसते. गाव त्या रांगेकडं बघून चहाची पातेली चढवतं.

मामांनी आयुष्यात बरंच काही हाकलंय: बैल, टेम्पो, भाताच्या खाचरातला पॉवर टिलर, आणि सध्या पंचायतीतली एक भांडणाची केस. गाडी अंगणात शिरायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला होता.

"दुसऱ्यात आलास व्हय रं मार्गासनीपास्नं?"

"हो मामा. तिसरा पडत नाही."

"गड युनेस्कोत गेला आन् तुजी गाडी अजून दुसऱ्यात," मामा म्हणाले आणि बाहेर पावसाकडं बघत राहिले. मग जो प्रश्न विचारला तो ऐकून मला जिना आठवला. "कवा अडतो? दर बारीला, का मदनंच? थंड आसताना का तापल्यावं?"

होमिओपॅथनंतर हाच पहिला माणूस, ज्यानं 'काय झालंय' हे सांगण्याआधी 'कधी होतं' हे विचारलं.

पाऊस होता म्हणून गाडी पडवीत घेतली आणि डब्बल स्टँडवर लावली. मामी आतून म्हणाल्या, "काळं त्याल सांडू नगा म्हंजी झालं, कालच सारवलंय." मामांनी एक गोणपाट अंथरलं. हळूहळू शेजारची मंडळी जमली. एका आबांनी पहिल्या दोन मिनिटांतच निकाल दिला: येताना वाटेवरच्या म्हसोबाला नारळ ठेवला नाही. मी म्हटलं, याआधी कधीच ठेवला नव्हता. "मग अडतोय किती दीस?" त्यांनी विचारलं. याला उत्तर नव्हतं.

आता थोडं तांत्रिक. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढच्या परिच्छेदात चहा घ्यावा, आम्हीही घेतला.

गिअरबॉक्स म्हणजे एकत्र कुटुंब. चारही गिअरच्या चकत्यांच्या जोड्या आत कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात, कुणी कुणाला सोडत नाही. पण कारभार एका वेळी एकाच जोडीच्या हातात. बाकीच्या नुसत्या फिरत असतात, तोंडाला तोंड देऊन, कामाचं काही न करता. आपण दांडी दाबतो तेव्हा आतला एक रूळ थोडासा वळतो, त्याच्यावरच्या खाचेतून एक चिमटा सरकतो आणि कारभारी बदलतो: एका चकतीच्या बाजूला असलेले जाड दात दुसरीच्या खाचांतून निघतात आणि तिसरीच्या खाचांत शिरतात. एवढंच. पण हे दात मोकळे असतील तरच सरकतात. विहिरीवर भरलेली घागर लोंबकळत असताना दोराची गाठ सोडून बघा, सुटणार नाही. घागर टेकवली की सुटते. घागर टेकवण्याचं काम क्लचचं. क्लच पुरता सुटला नाही, इंजिनाचा ओढा थोडा जरी शिल्लक राहिला, की दात आपली पकड सोडत नाहीत आणि आपण वरून दांडीवर उड्या मारत बसतो.

म्हणून मामांनी आधी इंजिन बंदच ठेवलं. मागचं चाक एका हातानं हळूहळू फिरवत दुसऱ्या हातानं गिअरची दांडी दाबली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पडले. जरा करकरत, पण पडले. "आतलं हाडूक मोडल्यालं न्हाय," मामा म्हणाले. माझ्या मेहुण्याच्या प्लेटा तिथंच निम्म्या बऱ्या झाल्या. इंजिन बंद असतानाही गिअर दगडासारखा असता तर दोष दांडीत, दांडीच्या आसात किंवा आत खोल. आणि आत खोल म्हणजे इंजिन उतरवणं, आणि पुढचा महिना एसटी.

मग इंजिन चालू केलं, क्लच दाबून पहिला टाकला. मागचं चाक हवेत होतं. क्लच पूर्ण दाबलेला असताना ते जवळजवळ थांबायला हवं, किंवा पायानं धरलं तर निमूट थांबायला हवं. ते सुटलं ते सुटलंच. मामांनी चप्पल टेकवली तर चपलेचा रबर जळल्याचा वास आला.

"ह्यो बघ. क्लच सुटंना."

कारण साधं होतं. नव्या केबलला सुरुवातीला थोडा ताण बसतो. ती बसल्यावर पुन्हा एकदा ओढून घ्यावी लागते. मी घेतली नव्हती. क्लच दाबला की निम्मं अंतर नुसतंच जायचं, आणि खरं काम मूठ हँडलला टेकता टेकता सुरू व्हायचं. लिव्हरच्या टोकाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढील असावी. माझ्याकडं एवढी होती की त्यात एखादी एसटी वळली असती. मामांनी खालच्या बाजूचा नट सैल केला, आटे फिरवले, पुन्हा आवळला. चाक थांबलं. "आठ आणे झालं," ते म्हणाले.

मामांचा हिशेब आण्यांत चालतो. दुखणं हे त्यांच्या मते रुपयाचं असतं आणि एकाच कारणाचा रुपया कधी नसतो. डॉक्टर, वकील, मिस्त्री या सगळ्यांची चूक एकच, की ते पहिले आठ आणे सापडले की पेटी बंद करतात.

पुढचे दोन आणे चेनमध्ये सापडले. ती मीच घट्ट करून घेतली होती, अगदी अभिमानानं, तंबोऱ्याच्या तारेसारखी. चेन जरा सैल असली की मला उगाच गाडी गबाळी वाटते. पण माणूस बसला की मागचं चाक किंचित वर येतं आणि चेन आणखी ताणली जाते. मग तिचा सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या आसावर बसतो आणि आतले दात पुन्हा जखडतात. मामांनी आस सैल केला आणि चेन मधोमध बोटानं वर-खाली केली, साधारण इंचभर हलेपर्यंत. "गाय बांदताना दावं येवढं आखूड बांदतो का आपुन?"

आणखी दोन आणे दांडीच्या बुडाशी. त्याआधीच्या पावसाळ्यात गडाच्या वाटेजवळ गाडी साइड स्टँडवर लावली होती, स्टँड चिखलात खचला आणि गाडी डाव्या कुशीवर निजली. दांडी वाकली. तिथल्या तिथं एका दगडानं मी ती सरळ केली होती आणि ही हकिकत मी कुणालाच सांगितली नव्हती. मामांनी दांडीचा बोल्ट काढला. आतल्या दात्यांत लाल माती भाजलेल्या विटेसारखी बसली होती. ब्रश, रॉकेल, मग एक थेंब ऑइल. दांडी पुन्हा बसवताना एक दाता खाली घेतली, कारण ती वर चढून बसली होती.

"बारा आणे झालं. बस आता वर आन् टाक."

इथं थोडं थांबून एक सांगतो. पायानं गिअर टाकायची सोय ही काही निसर्गदत्त नाही. जुन्या काळच्या मोटरसायकलींना टाकीच्या कडेला हाताचा दांडा असे. म्हणजे गिअर टाकायचा तर हँडल सोडायचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेट या ब्रिटिश कंपनीनं आपल्या शर्यतीच्या गाडीला अशी दांडी बसवली की पायानं एकदा दाबली की नेमका एकच गिअर पुढं जाणार आणि सोडली की दांडी परत मधोमध येऊन उभी राहणार. पुन्हा दाबा, पुढचा गिअर. आज सगळी दुनिया त्याच युक्तीवर चालते, मात्र कुठल्या पायानं याबद्दल बराच काळ एकमत नव्हतं. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडं आणि ब्रेक डावीकडं. त्यामुळं बुलेटवाला दुसऱ्याची गाडी चालवायला घेई तेव्हा ब्रेक म्हणून गिअर दाबी आणि समोरच्या भिंतीला जाऊन भेटे. येझदीची तर निराळीच तऱ्हा: जी किकची दांडी तीच पुढं वळवली की गिअरची. एकाच माणसाला सकाळी हमाल आणि दिवसभर कारकून करायचा तो प्रकार. चेतकला गिअर डाव्या हाताच्या मुठीत होता, आणि मुठीवर चक्क आकडे असायचे. वडील सांगत, आकडे वाचता येणाऱ्यानं चेतक घ्यावी, न येणाऱ्यानं लुना. फिरोदियांची लुना १९७२ ची; गिअरच नाहीत, त्यामुळं अडायचा प्रश्नच नाही. चढावर पेडल मारायचं. कुणाची तक्रार असेल तर ती त्याच्या गुडघ्यांकडं जायची.

तर मी बसलो. बूट घातलेलेच होते, कारण पहाटे गडावर जायचं होतं. इंजिन चालू, डब्बल स्टँड, मागचं चाक हवेत. पडवीत आता आठ-दहा माणसं होती आणि एक शेरडू. पहिला टाकला, पडला. डावा पाय नेहमीच्या सवयीनं एकदा जमिनीला टेकवला, उचलून पुन्हा दांडीवर. दुसरा; पडला, लोण्यात सुरी जावी तसा. मी मामांकडं विजयानं पाहिलं. तिसरा...

दांडी हलेना.

मी दाबतोय, आणि ती खालीच, निवांत. मामा म्हणाले, "थांब, मला ऐकू दे." त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या झाकणाला लावलं आणि लाकडी मूठ कानाला. मिस्त्री लोकांचा हा स्टेथोस्कोप. आतलं खरंच ऐकू येतं त्यातून. मामांनी डोळे मिटले. सगळ्यांनी श्वास रोखले. आबा म्हणाले, "मी सांगतोय, नारळ." मामांनी त्यांना हातानंच गप्प केलं.

या सगळ्या काळात मामी पडवी झाडत होत्या. त्यांच्या दृष्टीनं हा कुठलाही ऐतिहासिक प्रसंग नव्हता; शेरडू लेंड्या टाकतंय, माणसं चिखलाचे पाय घेऊन आलीत आणि संध्याकाळी पडवीतच पंगत बसायची आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. केरसुणी एकेकाला ओलांडत, एकेकाला उठवत पुढं सरकत होती. ती माझ्यापर्यंत आली. मामी वर न बघताच म्हणाल्या,

"भाचं, पाय उचला."

जन्मापासून ऐकलेलं वाक्य. आईचं, मग बायकोचं. पेपर वाचताना, मॅच बघताना, रविवारी सकाळी. या वाक्यावर मराठी पुरुष विचार करत नाही. पाय आपोआप वर जातात. माझे दोन्ही गेले.

टक्.

आवाज बारीकसाच होता. पण मामांच्या कानाला स्क्रूड्रायव्हर होता. ते असे दचकले की कानाला मूठच लागली.

"काय केलंस?"

"काही नाही. मामींनी पाय उचलायला सांगितला."

"ठेव परत. आता टाक."

तिसरा पडला. मी पाय तसाच ठेवून चौथा टाकायला गेलो. दांडी पुन्हा दगड.

"आवं," मामांनी मामींना हाक मारली, "परत झाडा हितनं."

"झाडलं की आत्ताच."

"झाडा म्हन्तो ना!"

मामी तोंड वाकडं करून मागं आल्या, माझ्या डाव्या बाजूला पुन्हा एकदा केरसुणी फिरवली, मी पाय उचलला, टक्, ठेवला, आणि चौथा पडला. पडवीत एक प्रकारची शांतता पसरली. मामा खाली वाकले आणि माझा बूट, पायासकट, दोन्ही हातांत धरून बघू लागले. तळवा दोन बोटं जाड, पुढची चोच कडक, आणि वजन असं की मामांनी एकदा उचलून सोडून दिला तर गोणपाटावर धप्प आवाज झाला.

"बूट हाय का नांगराचा फाळ?"

दांडी सोडली की ती परत मधोमध येते, आणि आल्याशिवाय आतला खिट्टा पुढचा दाता पकडत नाही. ही त्या व्हेलोसेटवाल्याची सगळी करामत. माझा बूट तिला येऊच देत नव्हता. एकदा गिअर टाकला की तो दांडीवरच बसून राहायचा, पाव्हणा बसावा तसा, आणि मला जाड तळव्यातून ते कळायचंही नाही. पहिल्यानंतर पाय जमिनीला टेकवायची सवय होती म्हणून दुसरा पडायचा. दुसऱ्यानंतर पाय कशाला टेकवायचा? म्हणून तिसरा नाही. खड्ड्यात गाडी आदळली की बूट क्षणभर उडायचा, दांडी सुटायची, आणि गिअर पडायचा. पुण्यात मी भाजी आणायला चपलेत जातो. गॅरेजवालाही चपलेत होता. हे बूट मी वर्षातून दोन-तीनदाच घालतो, राजगडाला येतानाच. कुठल्याही शेंबड्या पोराला कळावं असं कोडं, आणि मी त्यासाठी केबल बदलली, ऑइल बदललं, आणि एका सज्जन माणसाकडून मक्खन हा शब्द ऐकून घेतला.

"सोळा आणे," मामा म्हणाले आणि हात पुसले. आबा काहीच बोलले नाहीत. जाताना मात्र म्हणाले की येतानाच नारळ ठेवला असता तर हे एवढं करायलाच लागलं नसतं.

मामींना यातलं श्रेय कुणी दिलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं. त्यांना फक्त मी पाय खाली ठेवण्याआधी तिथला केर भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गड चढलो. त्या बुटांनी चोरदरवाज्याच्या खडकावर मात्र इमान राखलं; ओल्या कातळावर, रेलिंग धरून चढताना, एकदाही घसरले नाहीत. वर पद्मावती तळ्याकाठी बसून मी त्यांच्याकडं बराच वेळ बघत होतो. चढताना एवढे कामाचे आणि बसल्यावर एवढे अडेल! असा एक साहेब आमच्या ऑफिसातही होता.

परत निघताना मामांनी आपली जुनी चप्पल दिली, टायरच्या रबराची, अंगठ्याला थोडी चावणारी. बूट दोऱ्यांनी एकमेकांना बांधून मागं कॅरिअरवर आडवे टाकले. साखर गेलं, मार्गासनी आलं. दुसऱ्यात वळलो, पाय उचलला, टाकला. पडला. नसरापूरला बनेश्वराच्या कमानीपाशी चहा घेतला, चेलाडीला हायवेला लागलो, आणि कात्रजच्या बोगद्यापर्यंत एकदाही खड्ड्याची आठवण आली नाही. सवय मात्र जात नाही. नवीन डांबर दिसलं की अजून पोटात थोडं हलतं.

गाडी खाली लावत होतो तेव्हा डॉक्टर दवाखान्याचं शटर ओढत होते. माझ्या पायांतली चप्पल त्यांनी पाहिली, कॅरिअरवरचे बूट पाहिले.

"काय, मोकळा झाला का?"

"झाला."

"कशानं?"

"बूट काढले."

मला वाटलं ते हसतील. त्यांनी शटर अर्ध्यावरच सोडलं, आत जाऊन वही आणली आणि पेनाचं टोपण काढलं.

"दोन्ही काढले की फक्त डावा?"